न हसणारा इंजिनिअर

मुका सिनेमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहतो. काठी, टोपी, तोकडी मिशी आणि फेंगडी चाल. चार्ली चॅप्लिनबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याच काळात, त्याच हॉलिवूडमध्ये, चॅप्लिनच्याच एका जुन्या स्टुडिओत बसून आणखी एक माणूस सिनेमे काढत होता. स्वतः नट, स्वतःच दिग्दर्शक. लोकांना हसवून हसवून लोळवायचा, पण स्वतःच्या चेहऱ्यावरची रेष हलू द्यायचा नाही. शाळा त्याने जेमतेम एक दिवस पाहिली. तरीही मला विचाराल, तर सिनेमाच्या पडद्यावरचा सगळ्यात मोठा इंजिनिअर तोच. नाव बस्टर कीटन. सिनेमात आलो नसतो तर सिव्हिल इंजिनिअर व्हायला आवडलं असतं, असं तो सांगायचा. म्हणजे पाहा, आपण डिग्री घेऊन जे होऊ की नाही याची खात्री नसते, ते हा बाबा डिग्रीशिवाय होऊन बसला होता.

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यातला. तिथे त्यांचं घर वगैरे नव्हतं. आई-वडील दोघेही फिरत्या खेळातले कलाकार. गावोगाव मुक्काम करायचा, गाणी-नाच-कसरती दाखवायच्या आणि जमलेल्या गर्दीला औषधाच्या बाटल्या विकायच्या, असा तो धंदा. त्या दिवशी मुक्काम पिक्वाला होता, म्हणून जन्म पिक्वाला. मूळ नाव जोसेफ फ्रँक. दीड वर्षाचा असताना पोरगं जिन्यावरून गडगडत खाली आलं आणि काहीच न झाल्यासारखं उठून बसलं. ते पाहून खेळातल्या एका सोबत्याने त्याला 'बस्टर' म्हटलं. त्या काळच्या बोलीत बस्टर म्हणजे जोराची आपटी. हा सोबती म्हणजे पुढे जगभर गाजलेला जादूगार हुडिनी, अशी कीटनच्या घरातली आख्यायिका आहे.

पाच वर्षांचा होता होता तो आई-वडिलांबरोबर स्टेजवर उभा राहिला. 'थ्री कीटन्स' या नावाने त्यांचा खेळ चालायचा. खेळ काय, तर बाप पोराला शिस्त लावतो आणि पोरगं ऐकत नाही. मग बाप त्याला उचलून पडद्यावर फेकतो, वादकांच्या खड्ड्यात फेकतो, कधी कधी थेट प्रेक्षकांत फेकतो. फेकायला सोयीचं जावं म्हणून पोराच्या कोटाला पाठीमागे सुटकेसची मूठ शिवलेली असायची! मुलांवरचे अत्याचार रोखणारी न्यूयॉर्कची संस्था या कुटुंबाच्या सतत मागावर असे. त्यामुळे कधी कधी त्याला लहान मूल नसून बुटका प्रौढ माणूस आहे असं सांगून खपवलं जाई.

या आपटाआपटीत कीटन दोन गोष्टी शिकला. पहिली म्हणजे पडायचं कसं. कुठलं अंग आधी टेकवायचं, जोर कुठे जिरवायचा, हे त्याच्या हाडामासात मुरलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पडल्यावर आपण हसलो तर लोक हसत नाहीत, आणि आपण तोंड गंभीर ठेवलं तर लोक दुप्पट हसतात. हा त्याने लहानपणी स्वतः तपासून पाहिलेला नियम. पुढचं सगळं आयुष्य त्याने याच नियमावर उभारलं.

उन्हाळ्यात नाटकं बंद असत. तेव्हा हे कुटुंब मिशिगन सरोवराकाठी मस्केगॉनला नटांच्या वस्तीत राहायला जाई. तिथे या पोराच्या डोक्यातला इंजिनिअर बाहेर पडायचा. एका शेजारी नटाच्या परसातला संडास सहलीला आलेले लोक न विचारता वापरायचे. बस्टरने त्या संडासाच्या भिंती सुट्या केल्या, त्यांना बिजागऱ्या आणि स्प्रिंगा लावल्या आणि एक दोर घराच्या खिडकीपर्यंत नेला. लांबून पाहिलं तर कपडे वाळत घालायची दोरी. आगंतुक आत जाऊन बसला की शेजाऱ्याने खिडकीतून दोर ओढायचा आणि चारही भिंती एकदम जमिनीवर आडव्या! आत बसलेल्याचं काय होत असेल ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. पण ही बिजागरीवर पडणारी भिंत लक्षात ठेवा. ती पुढे परत येणार आहे.

१९१७ पर्यंत बापाचं दारूचं प्रमाण वाढलं होतं. जिथे एका इंचाच्या चुकीने मान मोडू शकते अशा खेळात समोरचा माणूस प्यालेला असणं म्हणजे जिवाशी खेळ. आई आणि मुलगा खेळ मोडून निघाले. बस्टर न्यूयॉर्कला आला आणि ब्रॉडवेच्या एका मोठ्या शोमध्ये त्याला आठवड्याला २५० डॉलरचं काम मिळालं. वय वर्षं २१. आजच्या भाषेत जबरदस्त पॅकेज. आणि त्याच दिवसांत त्याची गाठ रॉस्को आर्बकल या अगडबंब विनोदी नटाशी पडली. आर्बकलने त्याला सिनेमाचं शूटिंग पाहायला बोलावलं. तिथे कीटनने पहिल्यांदा कॅमेरा जवळून पाहिला. पाहिला म्हणजे नुसता पाहिला नाही, तो मुक्कामाच्या खोलीवर नेऊन सुटा करून पाहिला आणि परत जोडला. चकत्या कशा फिरतात, फिल्म पुढे कशी सरकते, तुकडे कापून जोडतात कसे, हे सगळं त्याला हवं होतं. 'द बुचर बॉय' हा त्याचा पहिला सिनेमा. त्याने २५० डॉलरचा शो सोडला आणि आर्बकलकडे आठवड्याला ४० डॉलरवर राहिला.

हा आकडा मला फार आवडतो. एका यंत्रासाठी २५० सोडून ४० घेणारा माणूस. याच माणसाने अकरा वर्षांनी नेमका उलटा सौदा केला आणि तो त्याला किती महाग पडला, तीच खरं तर या लेखाची गोष्ट आहे.

मधे पहिलं महायुद्ध आलं. १९१८ मध्ये कीटन सैनिक म्हणून फ्रान्सला गेला. लढाई त्याच्या फारशी वाट्याला आली नाही, पण कानाला संसर्ग होऊन ऐकू येणं कायमचं कमी झालं. परत आल्यावर आर्बकलला मोठ्या कंपनीचं काम मिळालं, आणि निर्माता जोसेफ शेंकने १९२० मध्ये कीटनला स्वतंत्र स्टुडिओ दिला. पगार आणि नफ्यात वाटा ठरला. कंपनीला नावही कीटनचंच. फक्त त्या कंपनीच्या भांडवलात कीटनचा हिस्सा नव्हता. हिशेबात त्याला कधी रस नव्हताच. आपल्याला सिनेमे काढू देतात ना, बस, एवढंच त्याला दिसत होतं.

आणि काढू दिलेही! सेट आणि यंत्रं बनवायला फ्रेड गॅबुरी, कॅमेऱ्यावर एल्गिन लेसली, गमती सुचवायला दोन-चार मित्र. लिहिलेली पटकथा नसायची. सुरुवात काय आणि शेवट काय एवढं ठरलं की कामाला लागायचे. मधे अडलं तर सगळे बेसबॉल खेळायला मैदानात. खेळता खेळता कुणाला काही सुचलं की बॅट टाकून परत सेटवर. आपल्याकडे प्रोजेक्ट ग्रुप असा चालला तर गाईड काय म्हणतील ते जाऊ द्या, पण या ग्रुपने तीन वर्षांत एकोणीस छोटे सिनेमे काढले.

१९२० चा 'वन वीक' घ्या. नव्या नवरा-बायकोला लग्नात भेट म्हणून सुट्या भागांचं घर मिळतं. पेट्यांवर नंबर घातलेले, नंबरानुसार जोडत जायचं. बायकोचा जुना उमेदवार गुपचूप नंबर बदलतो. मग घर उभं राहतं ते असं, की दार वरच्या मजल्यावर हवेत उघडतं आणि भिंती तिरक्या. वादळ आलं की अख्खं घर भिंगरीसारखं फिरायला लागतं. हे घर खरंखुरं बांधलेलं होतं आणि खाली फिरती चकती बसवून खरोखर फिरवलेलं होतं. शेवटी घर ओढत नेताना रुळावर अडकतं. आगगाडी येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते. आपण हुश्श करतो. तेवढ्यात उलट्या दिशेने दुसरी गाडी येते आणि घराचा चुराडा!

आपल्या कॉलेजात सक्तीने दाखवावा असा सिनेमा म्हणजे 'द इलेक्ट्रिक हाउस' (१९२२). पदवीदान समारंभात गोंधळ होतो आणि वनस्पतीशास्त्राच्या कीटनच्या हातात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं सर्टिफिकेट पडतं. एक श्रीमंत माणूस त्याला घराचं विद्युतीकरण करायला बोलावतो. हा पुस्तक वाचून सगळं करतोही. सरकता जिना, आपोआप पाणी उपसणारा तलाव, जेवणाच्या टेबलावर ताटं घेऊन येणारी छोटी आगगाडी. मग खरा इलेक्ट्रिकल इंजिनिअर येऊन वायरींची अदलाबदल करतो आणि घर पिसाळतं. पुस्तक वाचून सगळं करणाऱ्यांना यात आपला चेहरा दिसेल.

या सिनेमाच्या पहिल्या प्रयत्नात, १९२१ मध्ये, कीटनचा पाय सरकत्या जिन्यात अडकून घोटा मोडला. पडापडी बंद. मग पाय न वापरता करता येईल असा सिनेमा त्याने काढला, 'द प्लेहाउस'. त्यात नाटकगृहातला प्रत्येक माणूस कीटनच. एका दृश्यात स्टेजवर नऊ कीटन एका रांगेत बसलेले दिसतात. आज हे कॉम्प्युटरवर फर्स्ट इयरचा पोरगा करील. तेव्हा काय केलं, तर लेन्ससमोर नऊ उभ्या फटींचं झाकण बसवलं. एक फट उघडायची, एका कीटनचं शूटिंग करायचं, फिल्म मागे फिरवायची, दुसरी फट उघडायची. असं नऊ वेळा, त्याच फिल्मवर. कॅमेरा हाताने फिरवायचा असल्यामुळे लेसलीला नऊही वेळा वेग तोच ठेवावा लागला. एकदा चुकलं की आधीचं सगळं वाया. तालाला ताल जुळावा म्हणून कीटन बँजोच्या ठेक्यावर हलत होता.

१९२३ पासून तो मोठे सिनेमे करू लागला. १९२४ च्या 'शेरलॉक ज्युनिअर'मध्ये तो थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा असतो. झोप लागते आणि स्वप्नात तो सरळ चालत जाऊन पडद्यावरच्या सिनेमात शिरतो. तिथे दृश्यं बदलत राहतात आणि हा मात्र मधोमध तसाच. बाकावर बसायला जातो तर रस्ता येतो, रस्त्यावर चालायला लागतो तर कड्याचं टोक येतं. प्रत्येक जागा वेगळी, दिवस वेगळा, पण माणूस एक इंचही हललेला दिसत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यापासूनचं अंतर सर्व्हेच्या साधनांनी मोजून दर वेळी तेच ठेवलं होतं. सिव्हिलच्या पोरांनो, सर्व्हेचं प्रॅक्टिकल म्हणजे नुसतं उन्हात उभं राहणं नव्हे, हे यावरून कळावं. याच सिनेमात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर येऊन तो रुळावर मानेवर आपटला. डोकं दुखत राहिलं, पण काम थांबलं नाही. मानेचं हाड तडकलं होतं हे बऱ्याच वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये कळलं.

त्याचं टेस्टिंगही पक्कं. १९२५ च्या 'सेव्हन चान्सेस'च्या शेवटी तो टेकडीवरून पळत खाली येतो. आधी प्रेक्षकांना सिनेमा दाखवून पाहिला तेव्हा एका ठिकाणी अनपेक्षित हशा आला. फिल्म तपासली तर पळताना त्याच्या पायाने दोन-तीन दगड सुटून मागोमाग येत होते. झालं! तो परत गेला आणि कागदाच्या लगद्याचे आणि तारेच्या जाळीचे दीड हजारांच्या आसपास दगड-धोंडे बनवून घेतले. आज या सिनेमाचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो हा दगडांचा पाऊस. चूक सापडली की ती झाकायची नाही, तिच्यातून डिझाइन काढायचं.

आणि मग 'द जनरल'. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ मध्ये उत्तरेकडच्या माणसांनी दक्षिणेचं एक रेल्वे इंजिन पळवलं होतं, त्या खऱ्या घटनेवरून कीटनने १९२६ मध्ये हा सिनेमा केला. त्यासाठी ऑरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह गावाजवळचे रूळ आणि जुनी वाफेची इंजिनं मिळवली. दिग्दर्शनात क्लाइड ब्रकमनचं नाव सोबत आहे, पण प्रत्येक दृश्यावर छाप कीटनची.

मी हा सिनेमा रूमवर लॅपटॉपवर पाहिला. सोबत तिघे जण, त्यात माझा मेकॅनिकलचा रूममेट. सुरुवातीला तो मोबाइलमध्येच होता, काळा-पांढरा मुका सिनेमा कोण बघणार म्हणून. मग ते दृश्य आलं. प्रेयसीने झिडकारलेला कीटन उदास होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. विचारात इतका बुडालेला, की इंजिन सुरू झालेलं त्याला कळत नाही. दांडा वर जातो, खाली येतो, त्याच्यासकट. तेव्हा रूममेटने मोबाइल खाली ठेवला आणि सिनेमा थांबवून आम्हाला समजावलं, की इथे ड्रायव्हरने वाफ जराशी जास्त सोडली असती तर चाकं जागच्या जागी गरगरली असती आणि हा माणूस फेकला गेला असता किंवा चाकाखाली गेला असता. शूटिंगच्या वेळीही ही भीती सगळ्यांना होतीच. कीटन तरी बसला. पडद्यावर ते दृश्य काही सेकंदांचं आहे, गंमतीचं आणि कसनुसं करणारं. त्यानंतर रूमवर कोणी मोबाइल उचलला नाही.

पुढे एका दृश्यात तो चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलेला असतो. शत्रूने रुळावर आडवे टाकलेले लाकडी स्लीपर समोर दिसतात. एक त्याने उचलून हातात धरलाय, दुसरा रुळावर. हातातला स्लीपर तो दुसऱ्याच्या टोकावर नेमका आदळतो आणि दोन्ही उडून बाजूला. तरफेचा नियम, सातवीच्या पुस्तकातला. फक्त परीक्षेत नापास झालं तर गाडी रुळावरून खाली.

शेवटी जळणाऱ्या पुलावरून इंजिन जातं, पूल मोडतो आणि इंजिन नदीत कोसळतं. खेळण्यातलं नव्हे, खरं इंजिन, खरा पूल. या एका शॉटचा खर्च ४२,००० डॉलर सांगतात, मूकपटांच्या काळातला सर्वांत महागडा शॉट. दुसरी संधी नव्हतीच. ते इंजिन नदीत तसंच पडून राहिलं, ते थेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगारात गेलं.

आणि एवढं करून सिनेमा पडला. टीकाकारांनी झोडपला. साडेसात लाख डॉलरच्या आसपास खर्च आणि अमेरिकेतली कमाई पावणेपाच लाखांच्या घरात. शेंकच्या हिशेबात कीटनचं नाव लाल शाईत गेलं. पुढच्या सिनेमांवर खर्चाची कात्री आली.

१९२८ चा 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' हा त्याचा स्वतःच्या स्टुडिओतला शेवटचा सिनेमा. वादळात एका दुमजली घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर पडते. तो जागचा हलत नाही. वरच्या उघड्या खिडकीची चौकट बरोबर त्याच्याभोवती येऊन बसते आणि तो उभाच राहतो. मस्केगॉनच्या संडासाची भिंत आठवली? ती लहानपणची गंमत. मधे त्याने हाच प्रकार छोट्या सिनेमांत हलक्या भिंतींवर करून पाहिला होता. इथे भिंत टनावारी वजनाची. हलकी भिंत वादळी पंख्यांच्या वाऱ्यात पिळवटली असती, म्हणून मुद्दाम जड. आधी चौकट जमिनीवर आडवी ठेवली, तो जिथे उभा राहणार तिथे त्याच्याभोवती खिडकी आखली, टाचांच्या जागी मोठे खिळे ठोकले आणि मग भिंत बिजागऱ्यांवर उभी केली. खिडकी बिजागरीपासून जितकी उंच, तितक्याच अंतरावर माणूस भिंतीपासून दूर उभा. इतकं साधं गणित. डोक्याला आणि खांद्यांना जागा फक्त दोन-दोन इंच. सेटवरच्या काही जणांनी त्या क्षणी तोंड फिरवलं होतं असं सांगतात.

ते दृश्य घ्यायच्या सुमारासच त्याला कळलं होतं, की शेंक त्याचा स्टुडिओ बंद करतोय. त्यामुळे तो इतका निश्चल का उभा राहिला याची लोक अनेक कारणं देतात. मला ते गणितावरचा विश्वास वाटतं. खिळे कुठे ठोकलेत हे त्याला माहीत होतं.

माहीत नव्हतं ते पुढचं. शेंकने त्याला एम.जी.एम. या हॉलिवूडमधल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत जायला सांगितलं. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड या दोघांनीही जाऊ नको म्हणून बजावलं. पण शेंक हा त्याच्या बायकोच्या बहिणीचा नवरा, घरातलाच माणूस. पगार आठवड्याला ३,००० डॉलर. वय ३२. कीटनने सही केली.

सुरुवात बरी झाली. 'द कॅमेरामन' (१९२८) आजही पाहावा असा. पण नंतर कंपनीची पद्धत आली. पटकथा आधी लिहून द्या, ती मंजूर करून घ्या, खर्चाचा तक्ता जोडा, जिवावरचं काम दुसऱ्याकडून करून घ्या. त्याची जुनी टीम पांगली. बेसबॉल बंद. मग बोलपट आला आणि दुसऱ्यांनी लिहिलेले शब्दांचे विनोद त्याच्या तोंडी पडायला लागले. पडण्यातून बोलणाऱ्या माणसाला आता नुसतंच बोलायचं होतं. कमी ऐकू येणारा हा माणूस परभाषेतल्या आवृत्त्यांसाठी स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन वाक्यं घोकून म्हणत होता. पुढे त्याला जिमी ड्युरांटी या बडबड्या नटाच्या जोडीला बांधलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सिनेमे चालले. 'द जनरल'ने जे कमावलं नाही ते या सुमार सिनेमांनी कमावलं. म्हणजे कंपनीच्या कागदावर कंपनीचं बरोबर आणि कीटनचं चूक. आणि त्यामुळेच त्याला भांडायलाही जागा उरली नाही. पैसे येतायत, पगार मिळतोय, मग दुखतंय कुठे? दुखतंय ते सांगता येईना, तेव्हा तो पिऊ लागला. बापाची दारू पाहून घर सोडलेला माणूस बापाच्याच वाटेला लागला. १९३२ मध्ये घटस्फोट झाला. बंगला गेला. दोन मुलं आईकडे गेली, त्यांचं आडनावसुद्धा बदललं. १९३३ मध्ये कंपनीने काढून टाकलं. मधे इस्पितळात ठेवावं लागलं. एका नर्सशी लग्न झालं, तेही तीन वर्षांत मोडलं. मग स्वस्तातल्या कंपन्यांचे घाईघाईचे छोटे सिनेमे. आणि पुढे त्याच एम.जी.एम.मध्ये, आठवड्याला १०० डॉलरवर, दुसऱ्या नटांना विनोद सुचवायची नोकरी. २५०, ४०, ३,००० आणि १००. एका माणसाच्या आयुष्याचा ग्राफ काढायचा तर एवढे चार आकडे पुरतात. त्यातला सगळ्यात चांगला काळ ४० पासून सुरू झाला होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९४० मध्ये त्याने एलिनॉर नॉरिस या नर्तिकेशी लग्न केलं. ती तेवीस वर्षांनी लहान, सगळ्यांनी नको म्हटलेलं लग्न, आणि तेच शेवटपर्यंत टिकलं. १९४७ मध्ये पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत त्याने पुन्हा स्टेजवरची पडापडी केली. १९४९ मध्ये जेम्स एजी या समीक्षकाने मूकपटांच्या विनोदावर मोठा लेख लिहिला आणि लोकांना हे नाव पुन्हा आठवलं. १९५२ च्या 'लाइमलाइट'मध्ये चॅप्लिन आणि कीटन पहिल्यांदाच मोठ्या सिनेमात एकत्र दिसले. टीव्ही आला, जाहिराती आल्या, तो कामाला कमी लेखत नव्हता. त्याच्या जुन्या बंगल्यात राहायला आलेल्या जेम्स मेसन या नटाला तिथे फिल्मचे डबे सापडले, त्यात कीटनचे हरवले म्हणून धरलेले सिनेमे होते. कुजणाऱ्या फिल्मवरून नव्या प्रती काढल्या गेल्या. १९६० मध्ये मानद ऑस्कर मिळालं. १९६५ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. १ फेब्रुवारी १९६६ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला. आजाराचं खरं नाव त्याला घरच्यांनी सांगितलं नव्हतं, आणि तो शेवटपर्यंत काम करत होता.

पडलेला 'जनरल' १९७२ आणि १९८२ या दोन्ही वेळी 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षकांच्या यादीत जगातल्या पहिल्या दहा सिनेमांत होता. १९८९ मध्ये अमेरिकेने जपून ठेवायच्या सिनेमांची राष्ट्रीय यादी सुरू केली, तिच्या पहिल्याच पंचविसांत तो आला. आपल्या लाडक्या जॅकी चॅनने 'प्रोजेक्ट ए'च्या दुसऱ्या भागात (१९८७) ती पडणारी भिंत जशीच्या तशी आणून कीटनला सलाम केलाय. आणि ड्युरांटीबरोबरचे ते कमाईचे सिनेमे? त्यांची नावंही आज कुणाला आठवत नाहीत.

या सगळ्याचा अर्थ नोकरी करू नका असा मी काढणार नाही. घरचं कर्ज, हप्ते, बहिणीचं लग्न हे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यावर आहे, आणि मोठी कंपनी म्हणजे काही पाप नव्हे. कीटनचं चुकलं ते पगार घेण्यात नाही. त्या कागदावर सही करताना आपली टीम, आपली पद्धत आणि आपलं मोजमाप यांतलं काय आपल्या हातात राहणार, हे त्याने विचारलंच नाही. १९२० मध्येही विचारलं नव्हतं. भिंत पडण्याआधी स्वतःच्या टाचांची जागा खिळ्यांनी पक्की करणारा माणूस करारावर सही करताना मात्र आपण नेमके कुठे उभे आहोत ते पाहायला विसरला. कॅम्पसला बसणाऱ्यांनी पॅकेजचा आकडा विचारावाच, पण हा दुसरा प्रश्नही विचारून ठेवावा, एवढंच.

म्हातारपणी कीटन कॅलिफोर्नियात वुडलँड हिल्सला एका साध्या घरात राहायचा. आयुष्यावर निघालेल्या सिनेमाच्या पैशांतून ते घर घेतलेलं. तिथे त्याने अंगणात खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ टाकले होते. पाहुणे आले की गाडी डब्यांतून खाऊ घेऊन टेबलापाशी यायची. चाळीसेक वर्षांपूर्वी पडद्यावरच्या घरात चालवलेली ताटांची गाडी त्याने स्वतःच्या घरी सुरू केली होती. या वेळी वायरी बदलायला कुणी आलं नाही.

त्याचे १९२० च्या दशकातले मूकपट आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात. सबटायटल्सची कटकट नाही, आवाज बंद ठेवून रात्री बारानंतरही चालतं, त्यामुळे रेक्टर सरांचीही हरकत नसावी. 'वन वीक'पासून सुरुवात करा. वीस-पंचवीस मिनिटांचा आहे, मेसमध्ये भाजी यायला तेवढा वेळ लागतोच.